सुगंधी बंदराची भाषा

सकाळच्या वेळी बोईसरच्या रेल्वे स्थानकात घटकाभर नुसते कान उघडे ठेवून उभे राहिले, तरी अर्ध्या भारताच्या भाषा ऐकावयास मिळतात. कोणी भोजपुरीत सोबत्याला हाक मारतो. कोणी ओडियात घरची खुशाली विचारतो. गुजराती व्यापारी हिशेब सांगत असतो. आणि मुरबे-सातपाटीकडच्या मासळीवाल्या मावश्या या साऱ्यांना आपल्या मांगेली वळणाच्या मराठीत उत्तरे देत असतात. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. पुढे औद्योगिक वसाहत वाढली. आणि दूरदूरची माणसे पोटापाण्यासाठी या किनाऱ्यावर येऊन राहिली. त्यांच्यापैकी कित्येकांनी येथील भाषा शिकून घेतली. ती त्यांनी कशी शिकली असेल, याचा विचार आपण सहसा करीत नाही; कारण आपल्याला ती शिकावी लागलेली नाही. ती आपल्याला आईबरोबर मिळाली.

आता हे चित्र उलटे करून पाहा. समजा, मुरबे गावातील एखाद्या कुटुंबाला जहाजावरील नोकरीच्या निमित्ताने हाँगकाँग येथे जाऊन राहावे लागले. बंदर ओळखीचे, भरती-ओहोटी ओळखीची, बाजारातील मासळीही बरीचशी ओळखीची. परंतु कानांवर पडणारा एकही शब्द ओळखीचा नाही. अशा वेळी त्या कुटुंबातील तुमच्याएवढ्या मुलाने काय करावे? तेथील भाषा कशी आहे, आणि ती शिकताना त्याला काय अवघड जाईल व काय सोपे, हे आपण या पाठात पाहू.

चीन देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर मोती नावाची नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाच्या परिसरातील मोठ्या शहरांपैकी तीन अशी: ग्वांगझू, मकाव आणि हाँगकाँग. ग्वांगझूला युरोपीय लोक कॅन्टन म्हणत, आणि त्यावरून तेथील भाषेला कँटोनीज हे नाव पडले. बोलणारे लोक मात्र तिला 'क्वॉङ-तुङ-वा', म्हणजे क्वॉङ-तुङ प्रांताचे बोलणे, असे म्हणतात. 'हाँगकाँग' हे नावही त्याच भाषेतले असून त्याचा अर्थ 'सुगंधी बंदर' असा आहे. हे शहर १८४२ च्या तहाने इंग्रजांकडे गेले आणि १९९७ साली पुन्हा चीनकडे आले. आज तेथे सुमारे ७५ लाख लोक राहतात, आणि त्यांच्यापैकी दर शंभरांतील सुमारे ८८ लोकांची रोजच्या व्यवहाराची भाषा कँटोनीज आहे.

हा मुलूख आपल्याला वाटतो तितका परका नाही. तारापूरचा किल्ला तुम्ही पाहिला असेल. तो १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला, तो पोर्तुगीजांकडून. त्याच पोर्तुगीजांनी १५५७ च्या सुमारास मकाव येथे वस्ती केली होती, आणि ते शहर १९९९ पर्यंत त्यांच्या ताब्यात होते. म्हणजे एके काळी तारापूरचा किल्लेदार आणि मकावचा कारभारी एकाच राजाचे चाकर होते. पुढे मुंबईची जहाजे कापूस घेऊन कॅन्टनला जाऊ लागली. अफूही नेऊ लागली, हेही सांगितले पाहिजे. येताना ती चहा व रेशीम आणीत. आपल्या चहाचे नाव मुळात चीनचेच आहे. कँटोनीज माणूस चहाला 'छा' म्हणतो; कोळीवाड्यातला 'चा' त्याच्यापासून फार दूर नाही.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. कँटोनीज शिकू लागलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो स्वरांचा. येथे स्वर म्हणजे अ, आ, इ, ई नव्हेत, तर गाण्यातले चढउतार. मराठीतही बोलताना आवाज चढतो व उतरतो. 'हो' हा एकच शब्द घ्या. आईने 'अभ्यास झाला का?' असे विचारले की तुमचा 'हो' खाली उतरतो. एखादी नवलाची बातमी ऐकली की तोच 'हो' वर चढतो. मोठ्या भावाने नकोसे काम सांगितले की तो लांबत जातो. पण या तिन्ही वेळी शब्द 'हो' हाच राहतो. बदलतो तो मनातला भाव. कँटोनीजमध्ये आवाजाची उंची बदलली की शब्दच बदलतो.

या भाषेत असे सहा स्वर मानतात. त्यांतील तीन सपाट आहेत: एक उंच, एक मधला आणि एक खालचा. दोन चढते आहेत: एक खालून निघून पुष्कळ वर जातो, दुसरा थोडासाच वर जातो. सहावा स्वर खालीच असतो आणि आणखी खाली उतरतो. आता 'सी' हे एकच अक्षर या सहा स्वरांत म्हणून पाहू. उंच सपाट स्वरात म्हटले तर त्याचा अर्थ कविता. खालून वर नेले तर इतिहास. मधल्या सपाट स्वरात म्हटले तर परीक्षा. खाली उतरवले तर वेळ. थोडेसेच चढवले तर बाजार किंवा शहर. खालच्या सपाट स्वरात म्हटले तर काम किंवा बाब. कविता, इतिहास आणि परीक्षा! शाळेचे अर्धे वेळापत्रक एका अक्षरात मावले. व्यवहारात यांतील पुष्कळ शब्द दुसऱ्या अक्षराला जोडून येतात, त्यामुळे समजुतीचा घोटाळा थोडा कमी होतो. तथापि तो मुळीच होत नाही असे नाही. 'थॉङ' हा शब्द उंच म्हटला तर सूप मिळते, खाली उतरवला तर साखर. 'माइ' म्हणजे विकत घेणे आणि 'माइ' म्हणजेच विकणे. पहिल्याचा स्वर किंचित चढतो, दुसऱ्याचा खालीच सपाट राहतो. बाजारात उभे राहून 'मला विकायचे आहे' असे सांगणारे गिऱ्हाईक पाहिले की दुकानदाराला हसू येणारच.

'चार' या संख्येचे उदाहरण तर प्रसिद्धच आहे. चारला 'सेइ' म्हणतात, आणि मरण्यालाही 'सेइ' म्हणतात. स्वर वेगळे आहेत. पण साम्य इतके आहे की हाँगकाँगमधील अनेक इमारतींत चौथा, चौदावा, चोविसावा हे मजलेच नसतात. तिसऱ्यानंतर एकदम पाचवा येतो. आपल्याकडे तेराच्या आकड्याला घाबरणारे लोक आहेत, तसलाच हा प्रकार.

गाणे रचणाऱ्यांची तेथे मोठी पंचाईत होते. मराठीत एखाद्या ओवीला हवी ती चाल लावता येते. कँटोनीज गीतात चाल वर गेली आणि शब्द खालच्या स्वराचा असला, तर ऐकणाऱ्याला भलताच शब्द ऐकू येतो. म्हणून तेथील गीतकार चालीच्या चढउताराशी जुळणारे शब्द शोधून काढतात. ज्याचा कान गाण्यात तयार आहे त्याला या भाषेत लवकर गती येते, असे म्हणतात. नवशिक्याने शब्दाचा अर्थ व शब्दाचा स्वर वेगवेगळे पाठ करू नयेत, हे तर उघडच आहे. आपण गाण्याचे शब्द आणि चाल एकत्र शिकतो, तसाच तेथील प्रत्येक शब्द शिकावा लागतो.

हे ऐकून मराठी मुलाने घाबरून जाण्याचे कारण नाही. त्याच्याजवळ एक असे धन आहे की जे इंग्रज मुलाजवळ नसते. त्याने पहिलीत म्हटलेली बाराखडी त्याला येथे उपयोगी पडते. कँटोनीजमध्ये 'त' आणि 'थ', 'क' आणि 'ख', 'प' आणि 'फ' हे भेद फार महत्त्वाचे आहेत. उंच स्वरात 'थिन' म्हटले तर आकाश, आणि त्याच स्वरात 'तिन' म्हटले तर वेडा. इंग्रजी बोलणाऱ्याच्या कानाला हा भेद पकडणे जड जाते, कारण त्याच्या भाषेत 'त' आणि 'थ' अशी दोन वेगळी अक्षरे नाहीत. तुम्हांला मात्र 'ताट' आणि 'थाट' यांतला फरक कोणी समजावून सांगावा लागत नाही. 'चमचा' या शब्दातील दातांजवळचा 'च' इंग्रज मनुष्याला शिकवावा लागतो. तोही तुमच्याजवळ तयारच आहे.

आणि 'ङ'! वर्णमाला म्हणताना 'क ख ग घ' पुढे हे अक्षर येते, तेव्हा 'याचा एकही शब्द नाही, मग हे शिकायचे कशाला?' असा प्रश्न वर्गातील एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो. माझ्या शिक्षकी आयुष्यात हा प्रश्न मला दरवर्षी विचारला गेला. त्याचे एक उत्तर कँटोनीजमध्ये आहे. तेथे 'मी' या शब्दासाठी 'ङो' म्हणतात. म्हणजे त्या भाषेत स्वतःविषयी काही सांगावयाचे झाले तर तोंडातून पहिला निघतो तो 'ङ'च. पाच या संख्येला तर नुसते 'ङ्' म्हणतात. पुढे स्वर नाही, मागे स्वर नाही. त्याचप्रमाणे 'नाही' याला नुसते 'म्' म्हणतात. ओठ मिटून काढलेला हा आवाज म्हणजे एक पूर्ण शब्द आहे. हल्ली तेथील पुष्कळ लोक 'ङो'तील 'ङ' गाळून टाकतात, आणि वडीलधारी मंडळी त्याला आळशी उच्चार म्हणून नावे ठेवतात. नव्या पिढीच्या उच्चारांवर जुन्या पिढीने नाराज असणे हे सर्व भाषांना लागू दिसते.

संख्या तर तुम्ही एका दिवसात शिकाल. यत, यी, साम, सेइ, ङ्, लुक, छत, पात, कउ, सप हे एक ते दहा झाले. पुढे नवे काही नाही. अकरा म्हणजे 'सप-यत', अर्थात दहा-एक. एकोणपन्नास म्हणजे 'सेइ-सप-कउ', अर्थात चार-दहा-नऊ. आपल्याकडे एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत अडखळणाऱ्या मुलाला तेथे मोकळा श्वास घेता येईल.

व्याकरणाचेही तसेच आहे. मराठी शिकणाऱ्या परक्याला आपण केवढ्या संकटात टाकतो, हे कधी लक्षात आले आहे का? तो बोंबील, ती कोळंबी, ते पापलेट. तिन्ही जीव एकाच जाळ्यात सापडतात, पण त्यांची लिंगे तीन, आणि त्यांप्रमाणे विशेषणे व क्रियापदेही बदलावयाची. 'बोंबील ताजा आहे', 'कोळंबी ताजी आहे', 'पापलेट ताजे आहे'. कँटोनीजमध्ये लिंग नाही. क्रियापद कोणासाठीही बदलत नाही. बोलताना 'तो' आणि 'ती' यांसाठी शब्दही एकच आहे.

मात्र एका दाराने गेलेली अडचण दुसऱ्या दाराने आत येते. कँटोनीजमध्ये वस्तू मोजताना संख्येनंतर एक छोटा शब्द घालावा लागतो. 'तीन माणसे' असे नुसते म्हणता येत नाही. आपण 'तिघे जण' म्हणतो, त्यातील 'जण'सारखा हा शब्द आहे. फक्त तो प्रत्येक वस्तूला लागतो आणि वस्तूच्या जातीप्रमाणे बदलतो. माणसाला 'को', होडीला 'चेक', कागद, टेबल, पलंग अशा सपाट वस्तूंना 'चॉङ'. लांबट वस्तूंना 'थिउ' लावतात. नदी, रस्ता, दोर, साप, विजार आणि मासा हे सारे 'थिउ'च्या गटात बसतात. पापलेट ताटासारखे चपटे असले तरी त्यालाही 'थिउ'च. तो मासा आहे, आणि माशांची पंगत ठरलेली आहे.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. आवाजाची उंची शब्दाच्या अर्थासाठी खर्च झाली, मग राग, लाड, आश्चर्य, आग्रह हे दाखवावयाचे कसे? त्यासाठी कँटोनीज माणूस वाक्याच्या शेवटी 'आ', 'ला', 'लो', 'वो' असे लहान शब्द जोडतो, आणि असे शब्द त्या भाषेत पुष्कळ आहेत. आपल्यालाही ही युक्ती ठाऊक आहे. 'ये' म्हटले तर ती आज्ञा होते. 'ये ना' म्हटले तर विनवणी. 'ये की' म्हटले तर आमंत्रण. 'ये बरं' यात थोडा दटावणीचा सूर असतो. हे शब्द कोणत्याही कोशातून शिकता येत नाहीत. ते माणसांत बसून, त्यांचे भांडण व हसणे ऐकूनच अंगी लागतात.

'आभारी आहे' हे सांगण्याचेही तेथे दोन शब्द आहेत. कोणी भेट दिली तर 'तो-चे' म्हणावयाचे. कोणी दार उघडून धरले किंवा चहा आणून दिला तर 'म्-कॉइ'. ते अदलाबदल करून वापरले की बोलणारा नवखा आहे हे तत्काळ कळते. आणि ओळखीचा मनुष्य भेटला की विचारतात, 'सिक चो फान मेइ आ?' म्हणजे, भात खाल्लास का? आपल्याकडे दुपारी वाटेत भेटलेला माणूस 'जेवलात का?' असेच विचारतो. दोन्हीकडे पानावर भात आणि मासळी असल्यावर दोन्हीकडची विचारपूस एकसारखी व्हावी, यात नवल नाही.

येथवर सारे बोलण्याविषयी झाले. वाचण्याची गोष्ट निराळी आहे, आणि ती नीट समजून घेतली पाहिजे.

चिनी लिपीत ध्वनीची अक्षरे नसून शब्दांची चिन्हे असतात. ती कशी चालतात हे समजण्यासाठी आपला ७ हा आकडा घ्या. मराठी मुलगा त्याला सात म्हणतो, तमिळ मुलगा एळु म्हणतो, इंग्रज मुलगा सेव्हन म्हणतो. पण कागदावर पाहिल्यावर, आकड्याची खूण ओळखीची असली की, अर्थ तिघांनाही एकच कळतो. चिनी चिन्हांचे असेच आहे. बीजिंगचा मनुष्य आणि हाँगकाँगचा मनुष्य पुष्कळसे लिखाण दोघेही वाचू शकतात, परंतु एकमेकांचे बोलणे त्यांना कळत नाही. १९४५ साली हाँगकाँगची वस्ती सहा लाखांच्या आसपास होती. पुढच्या पाच-सहा वर्षांत चीनमधील युद्धामुळे व राज्यक्रांतीमुळे ती वीस लाखांच्या घरात गेली. आलेल्यांपैकी शांघायसारख्या दूरच्या भागांतून आलेले लोक चिनीच होते, सुशिक्षितही होते. पण रस्त्यावर ते मुके झाले. त्यांनाही कँटोनीज पहिल्यापासून शिकावी लागली.

त्यातही आणखी एक पेच आहे. हाँगकाँगचा मुलगा घरी जसे बोलतो तसे त्याच्या पुस्तकात लिहिलेले नसते. पुस्तकाची भाषा उत्तरेकडील प्रमाण चिनीच्या वळणाची असते. तोंडाने तो 'नाही'साठी 'म्' म्हणतो. पुस्तकात त्या जागी दुसरेच चिन्ह असते आणि तो ते 'पत' असे वाचतो. 'तो' याला बोलण्यात एक शब्द, पुस्तकात दुसरा. म्हणजे शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला मनातल्या मनात एका भाषेतून दुसरीत ये-जा करावी लागते.

मुरबे, सातपाटी, दांडी या गावांतील मुलांना हे नवे वाटणार नाही. आपल्या उत्तर कोकणातील किनाऱ्यावरच्या कित्येक बोलींत 'पाणी'चे 'पानी' होते आणि 'डोळा'चा 'डोला' होतो. घरी एक बोलावयाचे, फळ्यावर दुसरे लिहावयाचे, ही कसरत कोळी-मांगेल्यांच्या मुलांनी पिढ्यानुपिढ्या केली आहे. 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला हसणारे लोक सर्वत्र सापडतात. हाँगकाँगमध्ये पूर्वी होड्यांवर जन्मून होड्यांवरच संसार करणारा एक मच्छीमार समाज आहे. त्यांना 'पाण्यावरचे लोक' म्हणतात. ॲबरडीनच्या खाडीत आणि ताइ-ओ गावी त्यांची जुनी वस्ती आहे. तेही कँटोनीजच बोलतात, पण त्यांचे उच्चार थोडे निराळे असल्यामुळे जमिनीवरचे लोक त्यांची थट्टा करीत. या समाजाची देवता 'थिन-हाउ', म्हणजे आकाशाची राणी. वादळात ती होड्या सांभाळते, अशी त्यांची श्रद्धा आहे. 'थिन' हा शब्द तुम्हांला मघाशीच भेटला आहे.

भाषा शिकण्याची बंदी असलेला एक काळही कॅन्टनने पाहिला आहे. अठराव्या शतकात चीनच्या बादशहाने परदेशी व्यापाऱ्यांना केवळ याच बंदरात व्यापाराची परवानगी दिली होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या जेम्स फ्लिंट नावाच्या अधिकाऱ्याने चिनी भाषा शिकून घेतली होती. १७५९ साली त्याने उत्तरेकडे जाऊन बादशहाकडे कॅन्टनच्या अंमलदारांविरुद्ध अर्ज केला. त्याबद्दल त्याला तीन वर्षे मकाव येथे कैदेत ठेवण्यात आले, आणि त्याचा अर्ज लिहून देणाऱ्या चिनी मनुष्याला देहदंड झाला. परदेशी माणसाला चिनी शिकवणे हा त्यानंतर गुन्हा ठरला. मग व्यापार कसा चालला? मोडक्यातोडक्या इंग्रजीत काही चिनी, काही पोर्तुगीज व काही हिंदुस्थानी शब्द मिसळून एक कामचलाऊ बोली तयार झाली, आणि लाखो रुपयांचे सौदे तिच्यात होऊ लागले. मुंबईचे जमशेटजी जीजीभाई यांनी तरुणपणी चीनच्या पाच सफरी केल्या, त्या याच काळात. रॉबर्ट मॉरिसन नावाचा इंग्रज धर्मोपदेशक १८०७ साली कॅन्टनला आला व चोरून भाषा शिकला. त्याला शिकवणारे लोक जिवावर उदार होऊन शिकवीत. पुढे १८२८ साली त्याने कॅन्टनच्या बोलीचा शब्दसंग्रह छापून प्रसिद्ध केला.

आता अशी बंदी नाही. तरीही हाँगकाँगमध्ये कँटोनीज शिकू पाहणाऱ्या परक्या माणसाची एक तक्रार नेहमी ऐकू येते. तो धीर करून दुकानात दोन शब्द कँटोनीज बोलतो, आणि दुकानदार त्याचा चेहरा पाहून इंग्रजीत उत्तर देतो. दुकानदाराच्या मनात वाईट काही नसते. त्याला घाई असते, किंवा पाहुण्याचे कष्ट वाचवावेत असे वाटते. पण शिकणाऱ्याच्या तोंडातला घास काढून घेतल्यासारखे होते.

बोईसरच्या बाजारात आपण याहून निराळे काय करतो? बिहारहून आलेला एखादा कामगार अडखळत विचारतो, 'ताई, हे केवढ्याला दिले?' आणि आपण चटकन हिंदीत भाव सांगतो. त्याचे वाक्य चुकलेले असते, आपले हिंदीही काही फार शुद्ध नसते. पण व्यवहार उरकतो. असे शंभर वेळा झाले की तो विचारणे सोडून देतो. नंतर 'इतकी वर्षे येथे राहून याला मराठी येत नाही' असे म्हणणारेही आपणच. माझ्या मते या बोलण्यात न्याय नाही.

माझ्या शाळेत उत्तर प्रदेशातून आलेली एक मुलगी होती. पहिले दोन महिने ती वर्गात एक शब्दही बोलली नाही. मग मधल्या सुट्टीत लगोरी खेळताना तिची जीभ सुटली. खेळात कोणी भाषांतर करीत बसत नाही. 'पळ', 'लाव', 'आऊट' हे शब्द कळलेच पाहिजेत. वर्षअखेरीस ती मराठी घडाघडा बोलू लागली, आणि तिच्या बोलण्याला स्वच्छ मांगेली हेल होता. काही मुले हसली. पण तो हेलच सांगत होता की तिने मराठी पुस्तकातून नव्हे, मुरब्याच्या मुलींकडून घेतली आहे.

हाँगकाँगमध्ये भारतीय, पाकिस्तानी व नेपाळी वंशाची हजारो मुले आहेत. काहींचे आजे-पणजे इंग्रजांच्या वेळी तेथे पोलीस, सैनिक किंवा पहारेकरी म्हणून गेले. या मुलांपैकी अनेक जण रस्त्यावरची कँटोनीज तेथील मुलांइतकीच चांगली बोलतात. पण घरी लिखित चिनी येणारे कोणी नसल्यामुळे ती वाचन-लेखनात मागे पडतात, आणि पुढे चांगल्या नोकरीच्या वेळी तेच आडवे येते. म्हणून २०१४ साली तेथील सरकारने चिनी ही दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी शाळांत वेगळी आखणी सुरू केली. ती पुरेशी आहे की नाही, यावर तेथे अजून वाद चालतो.

उलट दिशेने आलेली माणसेही आहेत. मुंबईत माझगाव येथे १९१९ साली बांधलेले एक चिनी मंदिर आहे. गोदीत व जहाजांवर काम करणाऱ्या ज्या लोकांनी ते बांधले, ते कॅन्टनच्या परिसरातीलच होते, आणि त्यांची बोली कँटोनीजच्याच कुळातील होती. १९६२ च्या भारत-चीन युद्धानंतर या समाजाला फार सोसावे लागले. अनेक जण देश सोडून गेले. जे राहिले त्यांची मुले-नातवंडे मुंबईच्या भाषा सहज बोलतात. जुनी बोली मात्र घरातल्या वृद्धांबरोबर मागे पडत चालली आहे. खुद्द ग्वांगझू शहरातही कँटोनीज मागे पडेल अशी लोकांना धास्ती वाटते. २०१० साली तेथील दूरचित्रवाणीवर कँटोनीजऐवजी प्रमाण चिनी वापरण्याची सूचना पुढे आली, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते.

तेव्हा आपल्या मुरब्याच्या मुलाने हाँगकाँगमध्ये शिकण्यास प्रारंभ कोठून करावा? मासळीबाजारातून. तेथे घाई असली तरी हसणारी तोंडे असतात, आणि माल समोर असल्यामुळे अर्थ शोधावा लागत नाही. आपल्या पापलेटाला कँटोनीज लोक 'पाक-छॉङ' म्हणतात व आले-कांद्याची पात घालून वाफवतात. 'पाक' म्हणजे पांढरा. त्याचा स्वर खालचा आहे. 'छॉङ'चा स्वर उंच आहे. नवखा मुलगा दोन्ही शब्द एकाच उंचीवर म्हणून टाकील, आणि कोळीण त्याच्याकडे पाहत राहील. त्याने बोटाने मासा दाखवावा, पण शब्दही सोडू नये. मग ती हातातली सुरी आधी खाली नेऊन 'पाक' म्हणेल, नंतर वर उचलून 'छॉङ' म्हणेल. त्याने तिच्यामागून तसेच म्हणावे. दोन-तीन खेपांत स्वर जुळला की ती मासा तराजूत टाकील, आणि पुढचा प्रश्न इंग्रजीत न विचारता आपल्याच भाषेत विचारील: 'एक की दोन?'